1.2 मिमी पत्र्याच्या कूलंट टाकीला एज वेल्ड चालेल का? जरा सविस्तर सांगतो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला छोटं शॉप, सीएनसी मशीनच्या कूलंट टाकीचं (कापताना हत्यार गार ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीचं) काम आलंय, 1.2 मिमी सीआरसीए म्हणजे साधा कोल्ड रोल्ड लोखंडी पत्रा, पार्टीच्या ड्रॉइंगवर दोन्ही बाजूच्या प्लेटांना एज वेल्ड दाखवलाय आणि तुमचा वेल्डर म्हणतोय की हे वेल्डिंग कच्चं असतंय, आतनं फिलेट, म्हणजे कोपरा भरणारा वेल्ड, मारूया. आणि शेवटी विचारलंय की शीट मेटलमध्ये एज वेल्ड नक्की वापरतात तरी कुठं. कुठं वापरतात ते सांगतोच, पण मला वाटतंय तुमची खरी अडचण यादीची नाही, ड्रॉइंगचं ऐकायचं का वेल्डरचं ही आहे. आणि गंमत अशी की दोघंबी आपापल्या जागी बरोबर आहेत.

आधी माझं सांगतो म्हणजे कुठनं बोलतोय ते कळेल. मी पत्र्याचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलो, तेव्हा आर्गनचं वेल्डिंग, म्हणजे टिग, सगळ्यांकडं नव्हतं, गॅसच्या ज्योतीवर काम चालायचं. ऑइल इंजिनच्या डिझेल टाक्या, सायलेन्सर, पंख्याचे गार्ड असली कामं. आमचे उस्ताद दोन पत्र्यांच्या कडा बाहेर वाकवून एकमेकाला चिकटवायचे आणि तारेचा तुकडासुद्धा न लावता नुसत्या ज्योतीनं त्या कडा वितळवत जायचे, मागं एक गोल चकचकीत दोरी तयार व्हायची. त्याला एज वेल्ड म्हणतात हे मला पुढं दहा वर्षांनी ड्रॉइंग वाचायला लागल्यावर कळलं. आम्ही त्याला नुसतं 'कड जाळणं' म्हणायचो. आता माझं शॉप शिरोलीला आहे, 27 वर्षं झाली पत्र्यात.

तर एज वेल्ड म्हणजे काय, हे वेल्डरला समजावताना मी दोन पोस्टकार्ड घेतो. दोन्ही एकावर एक ठेवायची, कडा बरोबर जुळवायच्या आणि फक्त त्या कडेवरनं डिंकाचं बोट फिरवायचं. पत्रे एकमेकाला समांतर किंवा जवळजवळ समांतर, पुस्तकी व्याख्येत त्यांच्यातला कोन 30 अंशांपर्यंत धरतात, आणि वेल्ड फक्त वरच्या उघड्या कडेवर. पत्र्याची पाठ पाठीला टेकलेली असते पण चिकटलेली नसते. वेल्डच्या खाली फट तशीच राहते. ही फट डोक्यात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

कॉर्नर जॉइंट वेगळा, तिथं पत्रे काटकोनात भेटतात. मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीला खाली जी पट्टी बाहेर आलेली दिसते ती बघून बरेच जण म्हणतात हा एज वेल्ड, पण तो नसतोय. तिथं रोलर फिरवून रेझिस्टन्स सीम वेल्ड मारलेला असतो, म्हणजे पत्र्याच्या पाठी एकमेकाला चिकटवलेल्या असतात आणि कड तशीच उघडी असते. दिसायला सारखं, ताकदीला वेगळं.

आता तुमचा वेल्डर कच्चं का म्हणतोय ते. त्याला दोन पट्ट्या कापून द्या, 1.2 मिमीच्याच, 25 मिमी रुंद, 100 मिमी लांब. त्या एकमेकावर ठेवून एका टोकाची कड एज वेल्डनं जोडायला सांगा. मग एक पट्टी व्हाइसमध्ये धरा आणि दुसरी पकडीनं बाजूला उघडा, पुस्तक उघडल्यागत. जोर फार लागणार नाही आणि वेल्ड बरोबर मधनं फाटेल. कारण सगळा ताण त्या फटीच्या तळावर, एका रेघेवर येतो, तिथं आधीच चीर असल्यागत आहे. आता तशाच दोन पट्ट्या लांबीच्या कडेनं 100 मिमी जोडा आणि एक पुढं एक मागं अशी वेल्डच्या दिशेनं ओढून बघा. हातानं काही होत नाही, हातोडा मारला तरी आधी पट्टी वाकते. वेल्ड तोच, वेल्डर तोच, जोराची दिशा बदलली. वेल्डरनं आयुष्यात कधीतरी पहिला प्रकार बघितला असणार, म्हणून तो कच्चं म्हणतो. ड्रॉइंगवाल्यानं दुसरा प्रकार धरलाय.

म्हणून मी माझ्याकडं काम आलं की पहिल्यांदा एवढंच बघतो, जोर फ्लँज, म्हणजे पत्र्याची वाकवलेली कड, उघडायला बघतोय का, आणि फटीत काय जाऊन बसणार आहे. या दोन गोष्टी सोडल्या तर एज वेल्डएवढं सोपं, स्वस्त आणि देखणं वेल्डिंग पातळ पत्र्याला दुसरं नाही. फिलर, म्हणजे वितळवून भरायची तार, लागत नाही, पत्र्याला भोक पडत नाही कारण तुम्ही दोन कडा मिळून 2.4 मिमी जाडीवर काम करताय, आणि धग फ्लँजच्या टोकाला राहते त्यामुळं मुख्य पत्रा कमी वाकतो. 1.2 मिमीला सरळ बट, म्हणजे कडेला कड भिडवून वेल्ड, मारायचा म्हटलं तर फिटिंग अर्धा मिमी इकडंतिकडं झालं की भोक ठरलेलं.

वापर बघायचा तर तुमच्या हातातनं रोज जाणारी वस्तू घ्या, स्टीलची थर्मास बाटली. आतला पेला आणि बाहेरचा पेला तोंडाशी एकत्र येतात आणि तिथं दोन्ही कडा मिळून वितळवलेल्या असतात, वरनं पॉलिश. तिथं ओझं काहीच नाही, फक्त हवा आत जाता कामा नये. दुहेरी भिंतीच्या सगळ्या वस्तू याच जातीच्या. हॉटेलवाल्यांची गरम ठेवायची भांडी, बर्फाच्या पेट्या, मधे ग्लासवूल भरलेले ओव्हनचे दरवाजे, आतलं आणि बाहेरचं पान तोंडाशी एज वेल्डनं बंद करायचं. मग मशीनची गार्डं, धुराचे हूड, मोठे डक्ट. 1250 रुंदीचा पत्रा पुरत नाही म्हणून दोन पत्रे जोडायचेत, तर दोघांच्या कडा 20-25 मिमी आत वाकवायच्या, पाठीला पाठ लावायची आणि आतनं कड जाळायची. बाहेरनं फक्त एक बारीक रेघ दिसते, आणि आत दुप्पट जाडीची बरगडी फुकटात मिळते, वेगळा स्टिफनर लावायला नको. कंट्रोल पॅनलच्या मोठ्या बॉडीत हेच. पार्टी बाहेरचा तोंडवळा बघते, बाहेर ग्राइंडर फिरवावाच लागत नाही.

सायलेन्सरचं झाकण हाबी एक वापर आहे, शेलची कड आणि झाकणाची ओठासारखी वाकवलेली कड एकत्र. चालतो, पण तिथं रोज गरम-गार आणि थरथर असते, म्हणून मी फ्लँज अगदी छोटा ठेवतो आणि वेल्ड खोल घेतो, नाहीतर सहा महिन्यांत बारीक चीर पडून काळा धूर पुसल्यागत डाग दिसायला लागतो.

आणखी बारीक कामात गेलात तर एज वेल्डचा खरा थाट दिसतो. सेन्सरच्या डब्या, बॅटरीच्या डब्यांची झाकणं, हे लेझरनं होतंय. मेटल बेलोज म्हणून एक प्रकार असतो, पत्र्याच्या पातळ गोल चकत्या, मिमीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जाडीच्या, एका जोडीची आतली कड जोडायची मग शेजारच्या जोडीशी बाहेरची कड, अशी माळ केली की भात्यासारखं दाबता-ओढता येतं. व्हॅक्यूमच्या कामात आणि मेकॅनिकल सीलमध्ये वापरतात. तिथं चकतीचा आकारच असा लाटेसारखा केलेला असतो की जोर वेल्डवर न येता चकतीच्या पत्र्यात वाटला जावा.

मोठ्या हीट एक्सचेंजरमध्ये एक प्रकार असतो तो मला लई आवडतो. दोन फ्लँजांच्या मधे पातळ ओठाच्या दोन रिंगा, ओठ बाहेर आलेले, त्यांची कड जोडून गळती बंद करायची. दाब सगळा बोल्ट पेलतात, वेल्ड फक्त बंद ठेवतो. दुरुस्तीला उघडायचं झालं की ग्राइंडरनं ओठ थोडा घासायचा, काम करायचं, परत कड जाळायची. ओठ संपेपर्यंत हे चालतंय. ज्यानं हे काढलं त्याला एज वेल्ड पुरता कळला होता.

आता कुठं नको ते, इथं मी माझे स्वतःचे चटके सांगतो.

पहिला चटका हवेच्या टेस्टिंगचा. बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही एक हायड्रॉलिक ऑइलची टाकी केली होती, बाजूची प्लेट साधारण 600 बाय 300, चारी बाजूंनी फ्लँज बाहेर, एज वेल्ड. वेल्ड एकदम सुंदर, फोटो काढावा असा. मी साबणाच्या पाण्यानं लीक बघायला पोराला सांगितलं, थोडी हवा सोड. थोडी म्हणजे किती हे मी सांगितलं नाही आणि त्यानं रेग्युलेटर बघितला नाही. गेजवर अर्धा बार पण दिसत नव्हता आणि प्लेट ढेकर देणाऱ्या पोटासारखी फुगली, फट्‌ असा आवाज आला आणि वरच्या कडेचा वेल्ड कोपऱ्यापासनं दीड वीत असा उघडला जशी बॅगेची चेन. कुणाला लागलं नाही हे नशीब. नंतर बसून हिशोब केला तर घाम फुटला. अर्धा बार म्हणजे 50,000 पास्कल, गुणिले 0.18 चौरस मीटर, 9,000 न्यूटन. नऊशे किलोच्या वर वजन आतनं प्लेट ढकलतंय, आणि पातळ प्लेट फुगली की फ्लँज उघडायलाच बघतो, म्हणजे त्या पट्ट्यांचा पहिला प्रकार. तीच टाकी तेलानं 300 मिमी भरली तर तळाला जेमतेम 0.03 बार, आणि त्या प्लेटवर एकूण जोर पाण्याच्या वजनानं धरला तरी साधारण 27 किलो. म्हणजे टाकी कामाला पुरेशी होती, मीच तिला तीस-पस्तीसपट छळलं. म्हणून पातळ पत्र्याची सपाट भिंतीची टाकी हवेनं टेस्ट करायची नाही, मग वेल्ड कुठलाबी असो.

दुसरा चटका सोलर वॉटर हीटरच्या आतल्या टाकीचा. एका पार्टीनं 304 स्टेनलेसमध्ये करून मागितली, बाजूच्या डिशची कड आणि शेलची कड एकत्र, एज वेल्ड. दिसायला झकास. गेल्या त्या शिरोळकडच्या गावांत, जिथं जमिनीत क्षार आहेत आणि बोअरचं पाणी खारट. दोन वर्षांत गळायला लागल्या. कापून बघितलं तर वेल्ड शाबूत आणि वेल्डच्या खाली फटीत बारीक बारीक खड्डे, काही आरपार. कोमट खारं पाणी त्या फटीत जाऊन बसतं, तिथं ते वाहत नाही, ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साचत जातो आणि स्टेनलेसची वरची पापुद्र्यासारखी थर तिथं टिकत नाही. लोक म्हणतात 304 गंजत नाही, फटीत गंजतंय. त्यात एज वेल्ड म्हणजे आपण स्वतः पैसे घेऊन फट बनवून देतो. तेव्हापासनं गरम पाण्याला फट आत राहील असा जॉइंट मी देत नाही.

दुधाच्या कामाला तर विचारूच नका. आपल्याकडं दूध म्हणजे काय ते सांगायला नको, आणि डेअरीच्या भांड्याला आतनं कुठंबी फट चालत नाही, त्यात दूध अडकतं, सडतं, धुतलं तरी निघत नाही. तिथं आतनं सपाट, घासून पॉलिश केलेला बट वेल्डच पाहिजे. एज वेल्ड बाहेरच्या जॅकेटला, जिथं दूध पोचत नाही, तिथं ठीक.

जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याला पण टाळा. जस्त 907 अंशाला उकळतं आणि लोखंड वितळायला 1500 च्या आसपास लागतात. दोन पाठींच्या मधल्या जस्ताची वाफ होते, तिला बाहेर यायला एकच वाट, तुमच्या वितळलेल्या कडेतनं. मग फुटाण्यासारखे फुटके वेल्ड, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप. जीआय डक्टला आडव्या कडा एकमेकात अडकवून लॉक करा, जुनी पद्धत आहे आणि चांगली आहे.

बरं, आता तुमची टाकी. ड्रॉइंग मी बघितलं नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरनं यू आकारात वाकवलेली बॉडी, तिच्या दोन्ही तोंडांना 10 मिमी फ्लँज बाहेर, आणि त्यावर सपाट प्लेट टेकवून कडेनं वेल्ड, असं असणार. उघडी टाकी आहे, दाब नाही, कूलंटची उंची 300 च्या आत. ताकदीच्या बाजूनं एज वेल्ड चालतो, वेल्डरला निर्धास्त सांगा. फक्त एक अट, चाकं, उचलायचे हुक, पंपाचं ब्रॅकेट यातलं काही त्या बाजूच्या प्लेटला किंवा फ्लँजला लावलेलं नसावं. भरलेली टाकी प्लेटला धरून ओढली की झालं. चाकं बॉडीच्या तळाला, खाली 3 मिमीची पट्टी देऊन.

फटीचा प्रश्न राहतो. पाण्यात मिसळायचा कूलंट आत फटीत शिरणार, आणि सीआरसीए गंजणार. त्याच्यापेक्षा मोठी भानगड पावडर कोटिंगची. तुम्ही रंगाआधी धुण्याच्या सात टाक्यांच्या प्रोसेसला पाठवणार, ॲसिड आणि फॉस्फेटचं पाणी त्या फटीत शोषलं जाणार, वरवर धुतलं जाईल पण फटीतलं राहणार, आणि ओव्हनमध्ये गेल्यावर उकळून बाहेर येणार. फ्लँजच्या मुळाशी पिवळट ओघळ दिसतात ना, ते हेच. पार्टी म्हणते पेंटरची चूक, पेंटर म्हणतो पत्र्याची चूक, आणि बिल अडकतं आपलं. याला माझ्याकडं दोन उपाय आहेत. एक, धुतल्यावर फ्लँज खाली करून टांगायला सांगा आणि ओव्हनच्या आधी हवेचा झोत मारून फट वाळवून घ्या, हे पेंटरकडं उभं राहून करून घ्यावं लागतंय, फोनवर होत नाही. दोन, कोटिंग झाल्यावर आतनं फटीच्या तोंडावर पीयू सीलंटची बारीक धार ओढा, पण कूलंटला टिकणारा सीलंट घ्या, बाथरूमचा सिलिकॉन नको. तुमचा वेल्डर आतनं फिलेट म्हणतोय त्याच्या मागं खरं तर हीच गोष्ट असावी, पण 1.2 मिमीला आतनं पूर्ण लांब फिलेट म्हणजे प्लेटवर लाटा उठणार, आणि कड आधीच बंद असेल तर मधे अडकलेली हवा आणि तेल फिलेटमधनं बुडबुडे काढत बाहेर येणार. दोन्ही करू नका. एक काय ते ठरवा.

आता गळती कुठं होणार ते आत्ताच सांगतो, कोपऱ्यात. सरळ लांबीत एज वेल्ड सहसा गळत नाही. पण यू बॉडी खालच्या दोन कोपऱ्यांत वाकते, तिथं फ्लँजला नॉच, म्हणजे खाच, द्यावा लागतो, नाहीतर बेंडच होत नाही. त्या नॉचमध्ये फ्लँज संपतो आणि परत सुरू होतो, मधे एक त्रिकोणी खिडकी राहते. कड जाळत जाळत वेल्डर तिथं पोचतो आणि जाळायला पत्राच नसतो. मग तो घाईत फिलरचा गोळा टाकतो, वरनं भरलेलं दिसतं, आत मुळाशी टाचणीएवढी वाट राहते. दोन्ही तोंडं धरून एका टाकीला अशा चार जागा. आम्ही काय करतो, नॉच जेवढा लहान करता येईल तेवढा करतो, शेवटाला 2 मिमीचं भोक, आणि सगळं वेल्डिंग सुरू करायच्या आधी हे चार कोपरे फिलरनं बॉडी आणि प्लेट दोन्हीला पकडून भरून घेतो. मग कडेचा वेल्ड कोपऱ्यापासनं सुरू करायचा नाही. 40-50 मिमी अलीकडनं सुरू करायचा आणि कोपऱ्यावरनं न थांबता पुढं जायचं. सुरुवात आणि शेवट दोन्ही सरळ भागात पडले पाहिजेत. एवढं एक केलंत तरी अर्धं रिजेक्शन जातंय.

फ्लँज 10 मिमीच का, 4 का नाही, असं तुम्हाला वाटेल. प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर, 1.2 मिमीला आपण 8 मिमी तोंडाचा व्ही डाय वापरतो, त्यात 6 मिमीपेक्षा छोटा फ्लँज धरतच नाही, डायमध्ये घसरतो. त्यामुळं 8-10 हे सोयीचं माप. जास्त उंच ठेवला तर धग लांब राहते आणि प्लेट सपाट राहते, पण फट तेवढी खोल. लहान ठेवला तर धग बेंडपर्यंत येऊन बेंड उघडतो. मी 10 ला खूश असतो.

सेटिंग मशीनवर आणि हातावर आहे, तरी सुरुवातीला म्हणून सांगतो. आर्गन, डीसी, टॉर्च निगेटिव्हला, 1.6 मिमीचं टंगस्टन पेन्सिलीसारखं टोक काढून, गॅस मिनिटाला 7-8 लिटर, करंट 45 ते 55 अँपिअर. बटला लागतो त्याच्यापेक्षा कमीच ठेवा कारण कडेला धग पळायला जागा नसते, दोन्ही बाजूला हवा आहे. फ्लँजच्या दोन्ही अंगांना तांब्याची पट्टी लावून सी क्लँपनं आवळा, कड फक्त 2-3 मिमी वर उघडी ठेवा. तांबं धग पिऊन घेतं आणि दोन पत्रे घट्ट टेकलेले राहतात, आमच्याकडं 25 बाय 10 च्या पट्ट्या कायम टेबलाखाली असतात, भंगारातनं घेतलेल्या. मधे फट उघडी असली की वेल्ड दोन्ही कडांवर दोन वेगळे थेंब करून बसतो, जुळत नाही. कडा एका पातळीत पाहिजेत, अर्ध्या मिमीपेक्षा जास्त खालीवर नको. टाके, म्हणजे पत्रे धरून ठेवणारे छोटे वेल्ड, 30-40 मिमीवर, एका टोकानं मारत जायचं नाही, दोन टोकं, मग मध्य, मग अर्धे. आणि कापलेल्या पत्र्यावर तेल असतंय ते थिनरनं पुसा, फटीच्या आतलंसुद्धा, म्हणजे पत्रे टेकवायच्या आधी पुसायचं, नंतर नाही. पुसून पण बुडबुडे येत असतील तर नुसती कड जाळायच्या ऐवजी 1.6 ची ईआर 70 एस-2 तार जरा लावत जा, तिच्यात बुडबुडे मारणारी द्रव्यं असतात. वेल्ड किती खोल पाहिजे तर निदान एका पत्र्याच्या जाडीएवढा, म्हणजे 1.2. एक तुकडा आडवा कापून घासून डोळ्यानं बघा, नुसतं वरनं गोल दिसतंय म्हणून समाधान मानू नका, वर टोपी आणि खाली काहीच नाही असंबी होतंय.

पुढं स्टेनलेसचं काम आलं तर करंट थोडा खाली आणि टाके जवळ. ते साध्या लोखंडापेक्षा दीडपट फुगतं आणि धग तिसऱ्या हिश्श्यानंच पुढं सोडतं, म्हणून सगळी मस्ती एकाच जागी करतंय.

लेझरवाल्यांचं पण सांगतो कारण आता प्रत्येक गल्लीत हातातलं लेझर मशीन यायला लागलंय. एज वेल्डला लेझर मस्त बसतंय, वेग भरपूर आणि पत्रा गार राहतो. पण त्याला फट अजिबात चालत नाही, टिगमध्ये कारागीर हातानं सांभाळून घेतो तसं ते सांभाळत नाही, म्हणून बेंडिंग नीट नसेल तर मशीनचा दोष काढू नका. आणि त्याचा किरण डोळ्याला दिसत नाही, साध्या वेल्डिंगच्या काचेवर भागवू नका, त्या लेझरच्या तरंगलांबीसाठीचा खास चष्मा पाहिजे, आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या पोरांनासुद्धा.

टेस्टिंगला रॉकेल आणि चुना. बाहेरनं वेल्डवर चुन्याचा पातळ हात मारायचा, वाळू द्यायचा, आतनं फटीच्या बाजूनं रॉकेल लावायचं आणि अर्धा तास चहा प्यायला जायचं. रॉकेल पाण्यापेक्षा बारीक वाटेतनं सरकतं, जिथं गळतंय तिथं पांढऱ्यावर ओला डाग उठतो. हे कोटिंगच्या आधी करायचं आणि नंतर फटीतलं रॉकेल पूर्ण काढायचं, नाहीतर पावडर धरणार नाही. आग जवळ नको हे तुम्हाला सांगायला नकोच, पण टेस्टिंगच्या टेबलाशेजारी ग्राइंडर मारणारं पोरगं मी बघितलंय म्हणून सांगतो.

एक काम मात्र आजच करा. पार्टीच्या ड्रॉइंगवर टेस्टिंगच्या कॉलममध्ये काय लिहिलंय बघा. तिथं हवेचा दाब लिहिला असेल तर वेल्ड सुरू करायच्या आधी मेल टाकून तो काढून घ्या आणि रॉकेल टेस्ट लिहून घ्या. आणि जमलं तर खालच्या कोपऱ्यातल्या नॉचचा जवळनं फोटो टाका, भोक किती मोठं पडतंय बघून फिलर किती लागेल ते सांगतो.